शिकणारा पाद्री आणि हजेरी घेणारा पाद्री

सोलापुरात राहणाऱ्या माणसाला परभाषेचे फारसे अप्रूप नसते. अशोक चौकाच्या बाजूला गेले की पद्मशाली समाजाची तेलुगू कानावर पडते, अक्कलकोटकडून येणाऱ्या एसटीत कन्नड ऐकू येते, बाजारात दखनी चालते, आणि मुळेगाव तांड्यावरून आलेली बाई आपल्याशी मराठीत बोलता बोलता शेजारणीकडे वळून बंजाऱ्यांच्या गोरमाटीत बोलू लागते. तरीही भाव विचारण्यापलीकडे एकमेकांची भाषा शिकण्याच्या फंदात आपल्यापैकी फार थोडे पडतात, कारण तिच्यावाचून कुणाचे अडत नाही. म्हणूनच गेल्या दोन शतकांत परदेशातून आलेल्या ज्या पाद्र्यांनी रानावनातल्या, लिपी नसलेल्या भाषा मुळापासून शिकून घेतल्या, त्यांच्याविषयी मला पूर्वीपासून कुतूहल वाटत आले आहे. आपल्याकडे मिशनऱ्यांचा विषय निघाला की चर्चा एक तर धर्मांतरावर जाते, नाही तर दवाखान्यांवर आणि शाळांवर. ते शिकले कसे आणि मुख्य म्हणजे कुणाकडून शिकले, हा प्रश्न मागे पडतो. मला या लेखात त्या प्रश्नापुरतेच बोलायचे आहे.

मराठी शिकणाऱ्या पाद्र्याची वाट तुलनेने सोपी होती. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापले तेव्हा त्यांच्यासमोर ओवीची परंपरा तयार होती. विल्यम केरी यांनी १८०५ साली सेरामपूरला मराठी व्याकरण छापले तेव्हा वैजनाथ पंडितांसारखा जाणकार त्यांच्या हाताशी होता. १८१३ साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांनाही पगारी पंडित ठेवता आले, पोथ्या मिळाल्या, लिपी गिरवता आली. जंगलात यातले काहीच नव्हते. तिथे ग्रंथ नव्हता, पंडित नव्हता आणि एखाद्या उच्चाराला कोणते अक्षर द्यायचे, हेही शिकणाऱ्यालाच ठरवावे लागत होते. बहुतेक जण म्हणून मध्यस्थ भाषेवर भागवत. मुंबईच्या डॉ. जॉन विल्सन यांनी उत्तर कोकणातल्या वारली आणि काथोडी लोकांवर लिहिलेला वृत्तान्त १८४३ साली प्रसिद्ध झाला. या जमातींविषयीच्या सुरुवातीच्या तपशीलवार नोंदींपैकी ती एक आहे आणि तिचे मोल मोठे आहे. मात्र विल्सन हे जाता येता थांबलेले पाहुणे होते आणि त्यांची विचारपूसही पाद्र्याचीच होती.

मुक्काम ठोकून बसणाऱ्यांची गोष्ट वेगळी. आपल्या जवळचे उदाहरण स्टीफन हिस्लॉप यांचे. त्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपूरकरांच्या रोजच्या बोलण्यात असते, पण गोंडी भाषेशी त्यांचा काय संबंध होता हे नागपुरातही फार जणांना सांगता येईल असे वाटत नाही. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा हा तरुण पाद्री १८४५च्या सुमारास नागपुरात आला. त्याच्या थोडेच आधी जर्मन मिशनऱ्यांची एक तुकडी गोंडांमध्ये काम करण्यासाठी अमरकंटकच्या पायथ्याशी करंजिया येथे जाऊन राहिली होती आणि त्यांतले बहुतेक जण कॉलऱ्याने दगावले होते. हिस्लॉप यांनी नागपुरात शाळा चालवली, दगड आणि जीवाश्म गोळा केले, जुन्या दफनभूमी उकरल्या, आणि या सगळ्याबरोबर गोंडांची भाषा आणि त्यांच्या कथा टिपून घेतल्या. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटच्या बाजूला दगडी वर्तुळांचे उत्खनन पाहून परतताना पुराने फुगलेल्या ओढ्यात ते बुडाले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली संपादून छापले, आणि त्यांत लिंगोचे दीर्घ गीत मूळ गोंडी शब्दांसह आले.

ते गीत हिस्लॉप यांनी एका परधानाकडून मिळवले होते. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. बाना वाजवत कुळांच्या कथा गाणारे. महादेवाने गोंडांना गुहेत कोंडले, लिंगोने त्यांना सोडवले, त्यांची कुळे लावून दिली, लग्नाच्या चालीरीती घालून दिल्या, अशी ती कथा आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या गुहेकडे माघ पौर्णिमेला जे लाखो गोंड भाविक जातात ते याच कथेच्या आधाराने. अभ्यासकांनी पुढे या गीताच्या पाठावर शंका घेतल्या; गायकाने त्यात हिंदू पुराणांचे रंग मिसळले असावेत असे म्हटले गेले. शंका रास्त आहे. पण हिस्लॉप यांनी गीताचा आपल्या शब्दांत सारांश करून मूळ पाठ टाकून दिला असता तर ती शंका घेण्याइतकेही साधन आपल्या हाती उरले नसते. आपल्याला पटो वा न पटो, गाणारा जे गातो ते त्याच्याच भाषेत उतरवून ठेवायचे, ही शिस्त मला त्यांच्या सगळ्या कामात मोठी वाटते.

मेळघाटातल्या कोरकूंच्या भाषेचे व्याकरण जॉन ड्रेक या मिशनऱ्याने १९०३ साली छापले. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, म्हणजे चहूकडून मराठी, हिंदी आणि गोंडीने वेढलेली असूनही तिचे सख्खे नाते दूर झारखंडातल्या संथाली आणि मुंडारीशी आहे. मेवाडात खेरवाडा येथे १८८० साली आलेल्या चार्ल्स थॉम्पसन यांनी भिली भाषेची प्राथमिक ओळख करून देणारे पुस्तक १८९५ साली काढले. भिल्ल त्यांच्या जवळ आले ते औषधांमुळे. शब्द त्यानंतर मिळू लागले. १९००च्या दुष्काळात मदतकार्य करताना थॉम्पसन कॉलऱ्याने वारले.

शिकण्याच्या खोलीचा खरा अंदाज मात्र संथालांकडे गेल्यावर येतो. १८५५ साली सिदो आणि कान्हू यांच्या नेतृत्वाखाली संथालांनी सावकार, जमीनदार आणि कंपनी सरकार यांच्याविरुद्ध उठाव केला आणि तो अत्यंत क्रूरपणे मोडला गेला. त्यानंतर बारा वर्षांनी, १८६७ साली, लार्स स्क्रेफ्सरूड हा नॉर्वेचा माणूस आपल्या सहकाऱ्यासह संथालांच्या मुलखात बेनागडिया येथे जाऊन राहिला. तरुणपणी चोरीच्या गुन्ह्यात त्याने तुरुंगवास भोगला होता आणि तुरुंगातच वाचनाची आणि भाषा शिकण्याची गोडी त्याला लागली होती. (मायदेशाच्या मिशनने त्याला स्वीकारले नाही. चोरीच्या शिक्षेची ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढे सोलापूरच्या संदर्भात ती मला आठवते.) १८७३ साली त्याचे संथाली व्याकरण प्रसिद्ध झाले. पण त्याहून महत्त्वाचे काम त्याने आधीच करून ठेवले होते. कोलेआन नावाच्या एका वृद्ध संथाल गुरूला त्याने समोर बसवले आणि त्याने सांगितले तसे लिहून घेतले: हंस आणि हंसीच्या अंड्यांतून जन्मलेले पिलचू हाडाम आणि पिलचू बुढी हे पहिले जोडपे, पूर्वजांची भटकंती, जन्मापासून मरणापर्यंतचे विधी, कुळांचे नियम, न्यायनिवाडा. हे कथन १८८७ साली संथाली भाषेतच पुस्तकरूपाने छापले गेले. संथाल आजही त्याचा आधार घेतात.

त्याच्यामागून १८९० साली आलेल्या पॉल ओलाफ बॉडिंग यांनी आपले अवघे कामाचे आयुष्य या भाषेत घालवले. त्यांचा पाच खंडांचा संथाली कोश विसाव्या शतकाच्या तिसऱ्या आणि चौथ्या दशकांत प्रसिद्ध झाला. त्यांनी संथालांच्या वनौषधींची नोंद केली, लोककथा जमवल्या. आणि या कथांचा मोठा भाग साग्राम मुर्मू या संथाल गृहस्थाने खेडोपाडी फिरून, स्वतः लिहून आणून दिला होता. कोशावर नाव बॉडिंग यांचे असते, हे खरे. पण कोलेआन गुरू आणि साग्राम मुर्मू ही नावे आपल्यापर्यंत पोचली हेही कमी नाही, कारण त्याच काळातल्या कितीतरी जाडजूड ग्रंथांत माहिती देणाऱ्याची ओळख ‘एक वृद्ध’ किंवा ‘गावचा पाटील’ एवढ्यावरच संपते. हिस्लॉप यांच्या परधानाचे नाव कुणाच्या ओठांवर आहे?

मुंडांच्या बाबतीत तर भाषा शिकण्याचा परिणाम कायद्यापर्यंत गेला. योहान हॉफमन हे जर्मन जेझुइट पाद्री आजच्या झारखंडातल्या छोटा नागपुरात मुंडारी शिकले, तिचे व्याकरण लिहिले, आणि शिकता शिकता त्यांच्या लक्षात आले की या लोकांचे सगळे दुःख जमिनीत अडकलेले आहे. ज्यांच्या पूर्वजांनी रान तोडून शेत केले त्यांच्या कुळाची त्या जमिनीवर सामायिक मालकी, अशी मुंडांची खुंटकट्टी पद्धत होती. कोर्टात बसलेल्या इंग्रजाला आणि त्याच्या कारकुनाला ती समजत नव्हती. तिथे जमीनदार आणि रयत एवढे दोनच रकाने होते. बिरसा मुंडांचा उलगुलान, म्हणजे उठाव, १८९९-१९०० मध्ये झाला, बिरसा रांचीच्या तुरुंगात वारले, आणि सरकारला जाग आली. १९०८च्या छोटा नागपूर कुळकायद्यात खुंटकट्टीची जी नोंद झाली तिच्यामागे हॉफमन यांचे मोठे परिश्रम होते. येथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. बिरसांचे बंड मिशनऱ्यांविरुद्धही होते, आणि उठावात हॉफमन यांच्या मिशनवरही हल्ला झाला होता. मुंडांना जमीन मिळावी यामागे त्यांना आपल्या पंथात टिकवण्याचा हिशेब नव्हता असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण हिशेब असलेल्या इतर कितीतरी जणांना खुंटकट्टी समजली नाही आणि हॉफमन यांना ती समजली, कारण जमिनीविषयी मुंडा आपसांत जे बोलत ते त्यांना कळत होते.

पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून त्यांना देशाबाहेर घालवण्यात आले. जर्मनीत बसून ते मुंडारीच्या विश्वकोशावर काम करत राहिले आणि १९२८ साली वारले. ग्रंथाचे खंड त्यानंतर १९३०पासून निघू लागले. मेनास ओडेया या मुंडा सहकाऱ्याचा त्या कामातला वाटा एवढा मोठा होता की त्याच्याशिवाय हा ग्रंथ उभा राहिलाच नसता.

मराठी वाचकाने या मालिकेत आणखी एक जोडी लक्षात ठेवायला हवी. व्हेरिअर एल्विन १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले, गांधीजींच्या सहवासात रमले, चर्चच्या वरिष्ठांशी त्यांचे बिनसले, आणि १९३२ साली ते गोंडांमध्ये राहण्यासाठी त्याच करंजियाला गेले जिथे पूर्वी जर्मन पाद्री मरण पावले होते. काही वर्षांत त्यांनी धर्मप्रचार सोडला, चर्च सोडले आणि १९५४ साली ते भारताचे नागरिक झाले. त्यांच्यासोबत सुरुवातीपासून होते शामराव हिवाळे, ख्रिस्त सेवा संघातले मराठी तरुण. एल्विन यांचे ग्रंथ जगभर वाचले गेले. परंतु गावातल्या भांडणात, आजारपणात, लग्नात लोक ज्याच्याकडे येत तो माणूस शामराव होता, आणि एल्विन यांनीही हे मोकळेपणाने मान्य केले आहे. गोंडांच्या गीतांचे पहिले पुस्तक दोघांच्या नावाने निघाले आणि परधानांवरचा ग्रंथ शामरावांनी स्वतः १९४६ साली लिहिला. मराठीत त्यांच्यावर फारच थोडे लिहिले गेले आहे, हे मला खटकते. इंग्रज एल्विनवर आपण मान डोलावतो आणि आपल्यातला माणूस तळटीपेत राहतो.

या सगळ्यांना एकत्र पाहिले की एक गोष्ट दिसते. भाषा खोलवर शिकला तो पाद्री जो तिथे अडला होता. बेनागडियाला किंवा मुंडांच्या मुलखात आलेल्या माणसाला पाणी कुठे मिळेल इथपासून कुणाच्या अंगणात पाय ठेवायचा नाही इथपर्यंत सगळे विचारावे लागत होते. त्याच्यामागे सरकार होते हे खरे, त्याचा वर्ण आणि त्याची औषधे यांचा दबदबा होता हेही खरे. पण ऐकणारे उठून गेले तर त्याला गप्प बसण्यावाचून इलाज नव्हता. त्याला वाक्य सुधारून देणारा माणूस लागत होता, आणि म्हणून तो माणूस काही वेळापुरता का होईना त्याचा गुरू झाला.

आता सोलापूरकडे येतो. आपल्या शहरात ‘सेटलमेंट’ हा शब्द पत्त्यात येतो, आणि बहुतेकांच्या लेखी तो केवळ एका भागाचा पत्ता आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाजांना जन्मानेच गुन्हेगार ठरवले; १९११च्या सुधारित कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही त्याची अंमलबजावणी जोरात सुरू झाली आणि कैकाडी, पारधी, कंजारभाट, भामटे, मांग गारुडी अशा समाजांतल्या कुटुंबांना तारेच्या कुंपणाच्या वसाहतींत आणून ठेवण्यात आले. सोलापूरची वसाहत त्यांतली एक मोठी वसाहत, कारण येथे कापडगिरण्या होत्या आणि गिरण्यांना हात हवे होते. हजेरी लागायची, बाहेर जायला पास लागायचा. आणि या वसाहतीचा कारभार काही काळ सरकारने सोपवला होता तो अमेरिकन मराठी मिशनकडे, म्हणजे पंडित ठेवून मराठी शिकणाऱ्यांच्या आणि १८४२पासून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक चालवणाऱ्यांच्या वारसांकडे.

मिशनने येथे शाळा चालवल्या, आजाऱ्यांची काळजी घेतली, पोलिसांच्या तुलनेत माणुसकी दाखवली, याबद्दल वाद नाही. पण कुंपणाच्या आत कैकाडी बोलली जात होती, जिचे नाते तमिळशी आहे. पारधी बोलली जात होती, जी गुजराती आणि भिलीच्या जवळची आहे. कंजारभाटांची भाषा वेगळीच होती. भाषा शिकू इच्छिणाऱ्याला दुसरीकडे मैलोन्‌मैल तंगडतोड करून जे मिळाले नसते ते येथे एका फाटकाच्या आत होते. तरीही बेनागडियासारखे काही सोलापुरात घडले नाही. मला याचे कारण मिशनच्या माणसांच्या आळसात किंवा दुष्टाव्यात दिसत नाही, ते व्यवस्थेत दिसते. ज्याच्या हातात पास देणे आहे त्याला समोरच्याची भाषा यावी लागत नाही. समोरच्यालाच त्याची भाषा शिकून घ्यावी लागते. शाळा मराठी होती, मुकादमाची भाषा मराठी होती, गिरणीची मराठी होती. शिवाय या बोलींकडे पाहण्याची सरकारी नजरच अशी होती की ती चोरांची सांकेतिक भाषा आहे. संशयाने ऐकल्यावर कानावर फक्त कटच पडतो. लग्नातले गाणे ऐकू येत नाही.

सेटलमेंटमध्ये बालपण गेलेल्या एका वृद्ध कैकाडी गृहस्थांशी माझे अधूनमधून बोलणे होते. त्यांना मी एकदा विचारले की साहेब किंवा मडम तुमच्या बोलीत कधी बोलत का. ते हसले. “सर, मडम फार चांगल्या होत्या असं आमची आई सांगायची,” ते म्हणाले, “पण त्यांच्यासमोर आपली बोली बोलायची नाही, असं तीच आम्हाला बजावायची. ती ऐकू गेली की लोकांना वाटायचं, काहीतरी शिजतंय.” त्यांची नातवंडे आता घरातही मराठीच बोलतात. कैकाडीतली आजीची गाणी त्यांना स्वतःला अर्धीमुर्धी येतात, आणि ती म्हणून दाखवताना मधल्या ओळी गाळाव्या लागल्या की ते काही क्षण विचारात पडतात आणि मग पुढची ओळ धरतात. त्यांच्या आईला तुरुंगात जावे लागले नव्हते, तिच्यावर कुठला खटला नव्हता. तरी ती कुंपणात होती. चोरीची शिक्षा खरोखर भोगलेला स्क्रेफ्सरूड मात्र संथालांच्या देशात सन्मानाने राहिला. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की मला पुढे काही लिहिणे कठीण जाते.

या बोली कागदावर उतरल्या, पण त्या दुसऱ्याच मार्गाने. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात कैकाडीचे नमुने द्राविडी भाषांच्या खंडात आले, पारधीचे भिली भाषांसोबत आले, आणि भामटी, कंजारी, गारोडी वगैरेंसाठी १९२२ साली ‘जिप्सी भाषा’ असा स्वतंत्र खंडच निघाला. काम स्टेन कोनो या नॉर्वेजियन विद्वानाने फार काळजीपूर्वक केले आहे आणि आजही त्यावाचून अभ्यासकाचे चालत नाही. सर्वेक्षणाची पद्धत ठरलेली होती. प्रत्येक बोलीत बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचे भाषांतर करवून घ्यायचे, एक स्थानिक मजकूर घ्यायचा, आणि शब्दांची व वाक्यांची ठरावीक यादी भरून घ्यायची. म्हणजे पाद्री नसतानाही पाद्र्याचीच कथा पहिली आली: एका माणसाला दोन मुलगे होते. तुलनेसाठी एकच मजकूर सर्वत्र हवा, हा त्यामागचा तर्क शास्त्राच्या दृष्टीने योग्यच होता.

दुसरा नमुना, जो त्या लोकांचा स्वतःचा असायला हवा होता, त्यात गोष्टी आहेत, गाणीही आहेत. पण सर्वेक्षण चाळताना काही बोलींच्या बाबतीत त्या जागी कोर्टात दिलेला आरोपीचा जबाब छापलेला दिसतो. नमुना मागवणारा अधिकारी होता, गोळा करणारा बहुधा कचेरीतला माणूस होता, आणि कचेरीत गरीब माणूस ज्या निमित्ताने येतो त्याच निमित्ताचे बोलणे तिथे सापडले. कोलेआन गुरूला विचारले होते, तुमचे पूर्वज कुठून आले. या माणसांना विचारले होते, त्या रात्री तू कुठे होतास.